आवतन कोणाला आणि केव्हा

महालक्ष्म्यांच्या जेवणाची यादी आमच्या घरी वहीच्या मागच्या पानावर होते. कोणाला चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटवायचीच नाही. कोणाकडून एकच माणूस, कोणाकडून फक्त सवाष्ण. बदली होऊन चंद्रपूरला किंवा परळीला गेलेल्या कुटुंबाचं नाव खोडलं जातं, क्वार्टरमध्ये नव्याने आलेल्यांचं चढतं. आवतन द्यायला कोण जाणार आणि कोणत्या वेळी, हेही ठरलेलं असतं. मोबाइलवर जाहिरातीची नोटिफिकेशन पाठवणाऱ्या बहुतेकांना या वहीइतकं भान नसतं, आणि त्याचा त्रास आपण सगळे रोज सोसतो.

कोराडीचंच उदाहरण घेऊ. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या या गावाची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक जगदंबेचं मंदिर, दुसरं ६६० मेगावॉटचे तीन संच असलेलं औष्णिक वीज केंद्र. जुलै २०२३ मध्ये भारतीय विद्या भवनाचं रामायण सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, तेव्हापासून सुटीच्या दिवशी नागपूरहून येणारी कुटुंबंही वाढली. समजा, मंदिराच्या रस्त्यावर एकाचं पेढ्यांचं आणि पूजासाहित्याचं दुकान आहे. त्याने छोटं ॲप करून घेतलं आणि नवरात्रात चार हजार लोकांनी ते उतरवून घेतलं. आता या चार हजारांना तो काय म्हणून ओळखणार?

इथे आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पुश नोटिफिकेशन फोन नंबरावर जात नाही. ॲप फोनमध्ये बसलं की गुगलची किंवा ॲपलची यंत्रणा त्याला अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक खूण देते, तिला टोकन म्हणतात. दुकानदाराचा संदेश आधी त्या यंत्रणेकडे जातो आणि ती टोकन पाहून तो नेमक्या फोनवर पोचवते. ॲपलने ही सोय २००९ मध्ये सुरू केली, गुगलची आजची फायरबेस सेवा २०१६ मधली. ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा फोन बदलला की टोकन बदलतं. म्हणून दुकानदाराच्या यादीत एकच गिऱ्हाईक तीनदा असू शकतं आणि त्यातली दोन टोकनं मेलेली असतात. अशा टोकनावर पाठवलेला संदेश नोंदणी नसल्याच्या शेऱ्यासह परत येतो. तो शेरा वाचून नोंद खोडणं हे यादी सांभाळण्यातलं अर्धं काम आहे. शिवाय अँड्रॉइडचा जो फोन २७० दिवस गुगलच्या सेवेशी जोडलाच गेला नाही, त्याचं टोकन बाद धरलं जातं. एका नवरात्रात कपाटात पडलेला फोन पुढच्या नवरात्राआधीच यादीतून जातो.

उरलेलं अर्धं काम गटांचं, आणि खरं कसब तिथेच लागतं. वय, लिंग, पिनकोड असे गट पाडणं सोपं असतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. कोराडीत गट पडतात ते माणूस इथे कशासाठी येतो त्यावरून. सावनेर-छिंदवाड्याकडून वर्षातून एकदा दर्शनाला येणारे, ज्यांच्यातल्या अनेकांना हिंदीत वाचणं सोयीचं. नागपूरहून रविवारी येणारे. दर मंगळवारी ओटीचं सामान नेणाऱ्या, शेजारच्या महादुल्यातल्या बाया. आणि वीज केंद्राच्या वसाहतीतली माणसं.

या शेवटच्या गटाशी थोडं थांबायला हवं. वीज केंद्र चोवीस तास चालतं, माणसं पाळ्यांत काम करतात. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला माणूस आंघोळ करून, दोन पोळ्या खाऊन, खिडकीला जाड पडदा लावून झोपतो. घरातली पोरं दबक्या आवाजात बोलतात, कुकरची शिट्टीही त्याच्या झोपेच्या आधी किंवा नंतर. फोन मात्र उशाशी चालू, कारण केंद्रातून बोलावणं येऊ शकतं. अकरा वाजता तो थरथरतो. माणूस दचकून उठतो आणि वाचतो: ‘आज पेढ्यांवर दहा टक्के सूट’. मग झोप येत नाही, आणि रात्री पुन्हा पाळी असते. जाहिरातीच्या पुस्तकांत अकराची वेळ चांगली मानलेली असेल, या घरात ती मध्यरात्र आहे. वसाहतीच्या गटाला संदेश संध्याकाळी पाचला गेला तर कोणाचंच काही बिघडत नाही. ज्याला हे कळत नाही त्याने गट पाडलेच नाहीत असं मी म्हणेन.

लहान दुकानदार ॲपच्या भानगडीत न पडता व्हॉट्सॲप वापरतात, ते ठीकच. पण तिथे ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यादी यांत मोठा फरक आहे. एका दुकानाने मला न विचारता ग्रुपमध्ये टाकलं होतं. शेकडो अनोळखी लोकांसमोर माझा नंबर उघडा पडला, पुढे महिनाभर कोणाकोणाचे फोन येत राहिले. ब्रॉडकास्ट यादीत एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. गिऱ्हाइकाला ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणून सांगायचं आणि ठेवायचा की नाही ते त्याच्यावर सोडायचं, हा रिवाज मला आवडतो.

कारण सगळं येऊन ठेपतं ते परवानगीपाशी. १९०९ या क्रमांकावर नोंद करून जाहिरातीचे फोन आणि एसएमएस थांबवता येतात, पण ॲपची नोटिफिकेशन त्या नियमांत येत नाहीत. तिथे फोनचीच सेटिंग कामी येते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपमधले निरनिराळ्या प्रकारचे संदेश वेगवेगळे बंद करता येतात, फक्त ॲप करणाऱ्याने ते प्रकार वेगळे ठेवलेले असायला हवेत. ‘तुमची ऑर्डर तयार आहे’ आणि ‘सूट’ एकाच प्रकारात कोंबले, तर वैतागलेला माणूस दोन्ही बंद करतो. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला आधी विचारावंच लागतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. संमती मागणारी सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागणार आहे.

म्हणून आमच्या पेढेवाल्याने पहिल्याच दिवशी, गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतानाच, साध्या मराठीत विचारावं: नवरात्रातच कळवू, दर मंगळवारी कळवू, की नकोच? तिसरं उत्तर देणाऱ्यालाही पेढे तेवढ्याच आपुलकीने बांधून द्यावेत. आणि दसऱ्यानंतर, दुकानातली गर्दी ओसरली की, वही उघडून कोणाचं नाव खोडायचं ते बघायला बसावं.