पाळी जाताना होणारा विसर



या अंकात खोडव्याची माहिती द्यायची होती, ती पुढच्या खेपेला देतो.

मागं कारखान्याच्या कामासाठी मुंबईस गेलो असता लालबागला ताईकडं उतरलो. ताई 48 वर्षांची. चाळीतल्या भिशीचा हिशेब तिच्या तोंडपाठ. तीच ताई बाजारात मिरच्या कांडायला टाकून आली आणि कुठल्या डंखावर टाकल्या ते आठवेना. जिन्यात बसून रडत म्हणाली, "मला वेड लागतंय रे, घरात बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात केस पेपर काढला. डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीचं विचारलं. वर्षभर ती मागंपुढं होत होती.

बीजकोशातून तयार होणारं इस्ट्रोजेन मेंदूलाही लागतं. पाळी जाण्याआधी काही वर्षं ते खालीवर होतं. व्होल्टेज कमीजास्त झालं की विहिरीवरची मोटर गुरगुरते, पण जळालेली नसते, तसंच हे. त्यात रात्री अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, मग नावं नि शब्द सापडत नाहीत. आपल्याकडं पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. बहुतेकींचा हा विसर पुढं कमी होतो. मात्र सगळं पाळीवर ढकलू नये. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 तपासावं. ताईचं हिमोग्लोबिन 9 निघालं! ओळखीचा रस्ता चुकू लागला तर लगेच दाखवावं. रोज चालणं, संध्याकाळनंतर चहा बंद आणि खिळ्याला टांगलेली वही, एवढ्यानंही बराच फरक पडतो. हार्मोनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्या सगळ्यांना चालत नाहीत.

आता आपल्या फडाकडं या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातली पाहणी आली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. पाळीमुळं खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश काम करत राहतात. दोन्ही बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं, मग बाई तिशीतली का असेना. मोळ्यांची मोजणी चुकली म्हणून अशाच एकीला मी "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून दरडावलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ऑपरेशन झालेल्या बाईनं बीजकोश ठेवलेत की काढलेत, हे कागदावर पाहून घ्यावं. काढले असल्यास नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावेत का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. त्या दिवसाचा खाडा मुकादमानं धरू नये, एवढं सभासदांनी बघावं.