बिघाडाआधीची देखभाल : घर आणि इमारत

संकल्पना
यंत्र बंद पडल्यावर ते दुरुस्त करणे म्हणजे ‘ब्रेकडाऊन’चे काम; बंद पडण्याआधी ठरलेल्या वेळी तपासणे, साफ करणे आणि झिजलेला भाग बदलणे म्हणजे प्रतिबंधक देखभाल. पिंपरी-चिंचवड परिसरातील भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत ‘पीएम’चा (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचा) तक्ता नित्याचा असतो. १९७१ च्या सुमारास निप्पॉनडेन्सो या जपानी कंपनीत आकाराला आलेल्या टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) पद्धतीने त्यात भर घातली : यंत्राची रोजची निगा ते चालवणाऱ्यानेच राखायची. पुसताना हात सगळीकडे फिरतो, त्यामुळे सैल बोल्ट किंवा तेलाची गळती त्यालाच आधी कळते. शिफ्टमध्ये हे चोख पाळणाऱ्यांच्या घरी मात्र प्लंबर बहुधा छत ठिबकू लागल्यावरच येतो.

गच्ची
पाऊस जूनमध्ये येतो. म्हणून गच्चीचे काम एप्रिल-मेमध्ये, स्लॅब कोरडा असतानाच उरकावे लागते. तपासायची जागा म्हणजे पावसाळी पाइपच्या तोंडाची जाळी. तिथे पाचोळा अडकला की पाणी तुंबते. कठड्याच्या सांध्यात वितभर पिंपळ उगवला असेल, तर तो नुसता उपटून भागत नाही. मूळ आत राहते, पुन्हा फुटते आणि भेग रुंदावते. आतून मारलेला जलरोधक रंग डाग झाकतो, पाण्याची वाट बंद करत नाही.

ओल आणि सळई
ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कधर्मिता घटवतो. त्यात गळतीची ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुगते, तडकते आणि त्याचे पोपडे पडतात. छताच्या तडा गेलेल्या भागावर नुसते प्लास्टर चढवणे निरुपयोगी ठरते. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप दिल्यावरच तो भाग भरायचा असतो. त्याआधी गळती थांबवणे हे पहिले काम.

टाक्या
पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी रावेतहून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करून मिळते. नोव्हेंबर २०१९ पासून पुरवठा दिवसाआड झाला, त्यामुळे साठवणीच्या टाक्यांवर भार वाढला. जलवाहिनी रिकामी राहते तेव्हा सदोष सांध्यांतून बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाण्याचा धोका असतो; गाळही टाकीत येऊन बसतो. म्हणून टाकी नियमित रिकामी करून धुणे, झाकण घट्ट ठेवणे आणि बॉल कॉक तपासणे महत्त्वाचे. टँकर किंवा बोअरचे पाणी कठीण असेल, तर गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो. पाणी उशिरा तापते आणि वीज जास्त लागते.

वीज
आरसीसीबी ही विद्युतप्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारी कळ. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबले की कळ खाली पडायला हवी. मात्र या चाचणीतून अर्थिंग ठीक आहे की नाही हे समजत नाही. त्याचे मापन इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे लागते. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती उन्हाळ्यात सुकली की रोध वाढतो, म्हणून त्यात पाणी घालण्याची जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे.

सोसायटी आणि विकासक
सदनिकेच्या आतील किरकोळ दुरुस्ती सभासदाची. बाह्य भिंती, सामाईक गच्ची, लिफ्ट आणि पंप सोसायटीचे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. संरचनात्मक तपासणी १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा. १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या वसाहतींतील बरीच घरे या दुसऱ्या वयोगटातील आहेत. मोशी, चिखली, चाकणच्या नव्या इमारतींचा प्रश्न वेगळा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतील किंवा कारागिरीतील दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाखर्च दूर करायचा असतो. या काळात भेगांवर आधी रंग मारणे म्हणजे स्वतःचाच पुरावा पुसणे; तारखेसह छायाचित्र आणि लेखी तक्रार रंगाच्या आधी हवी.