वचन दोन मिनिटांत उतरते, मग ॲपला वर्ष का लागते?

नवा फोन हातात आला की बायबल अभ्यास करणारा माणूस आधी ॲप स्टोअर उघडतो आणि आपले ठरलेले ॲप शोधतो. अँड्रॉइड किंवा आयफोन असेल तर ते लगेच सापडते. २०१३ साली दहा हजारांच्या घरातला विंडोज फोन, लुमिया ५२०, घेतलेल्या आमच्यासारख्यांना मात्र महिनोन्महिने वाट पाहावी लागली. उपासनेत शेजारचा माणूस वचनातल्या शब्दावर बोट ठेवून मूळ ग्रीक शब्द काढायचा आणि आपण साधा अध्याय उघडून बसायचो. या उशिराची जी कारणे तेव्हा अभ्यासगटात सांगितली जायची, त्यांतली बहुतेक चुकीची होती. कमी खपाचा फोन घेणाऱ्याला आजही तीच ऐकवली जातात.

सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "पुस्तकच तर आहे, टाकायला कितीसा वेळ?" पुस्तक टाकायला खरोखरच फार वेळ लागत नाही. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. इंग्रजीतला सगळा मजकूर चार-पाच एमबीत बसतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तरी सगळे मिळून दोन-तीन गाण्यांएवढीच जागा होते. म्हणून नुसते वाचायचे ॲप कुठेही लवकर येते. अभ्यासाच्या ॲपला याच मजकुरातला प्रत्येक शब्द ओळखावा लागतो. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीत हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. तो क्रमांक भाषांतरातल्या शब्दाला जोडलेला असतो, म्हणूनच बोट ठेवताच मूळ शब्द उघडतो. त्यात हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि ग्रीक अक्षरांवर स्वराघातांच्या खुणा असतात.

वचनांचे क्रमांक तरी सगळीकडे सारखेच असतील, असे आपण धरून चालतो. तेही खरे नाही. स्तोत्र ५१ घ्या. दावीद नाथान संदेष्ट्यासमोर उघडा पडल्यानंतरचे हे स्तोत्र, असे त्याचे शीर्षक सांगते. इंग्रजी बायबलात या शीर्षकाला क्रमांक नाही. हिब्रूत मात्र तेच शीर्षक पहिले आणि दुसरे वचन होते, त्यामुळे इंग्रजीतले पहिले वचन तिथे तिसरे ठरते. योएलचे पुस्तक इंग्रजीत तीन अध्यायांचे, हिब्रूत चार. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने ज्या वचनांचा आधार घेतला, ती इंग्रजीत योएल २:२८ पासून सुरू होतात आणि हिब्रूत ३:१ पासून. मलाखीचे याच्या उलट: इंग्रजीत चार अध्याय, हिब्रूत तीन. पडद्यावर दोन भाषांतरे शेजारी ठेवून एकत्र सरकवायची, तर हा सगळा जुळणीचा तक्ता ॲपच्या पोटात असावा लागतो. तो थोडा जरी चुकला, तर तुम्ही एका वचनावर लिहिलेले टिपण दुसऱ्याच वचनाखाली जाऊन बसते.

"अँड्रॉइडवर आहे ना, मग तेच इकडे चालवा." हा दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त मनस्ताप यानेच दिला. फोन बाहेरून सारखे दिसले तरी आतली भाषा वेगळी असते. क्रॉसवायर बायबल सोसायटी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिचे 'स्वॉर्ड' नावाचे मोफत बायबल-इंजिन सी प्लस प्लस भाषेत आहे आणि जावा भाषेतला त्याचा भाऊ 'जेस्वॉर्ड'. आयफोनला पहिले चालले, अँड्रॉइडला दुसरे. २०१० साली आलेल्या विंडोज फोन ७ वर बाहेरच्या ॲपला यांतले काहीच चालत नव्हते. तिथे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येच लिहावे लागे. वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली दोन्ही इंजिने दारातच अडली. २०१२ साली विंडोज फोन ८ मध्ये सी प्लस प्लसला परवानगी मिळाली, पण ७ चे फोन ८ वर चढवता येत नव्हते. म्हणजे आधी घाई करून ७ साठी लिहिलेल्यांसमोर पुन्हा बदललेली व्यवस्था आणि ७ चा फोन घेतलेला ग्राहक तिथेच अडकलेला. पुढे २०१५ साली मायक्रोसॉफ्टने अँड्रॉइडची ॲप विंडोज फोनवर आणण्यासाठी 'प्रोजेक्ट अस्टोरिया' जाहीर केला तेव्हा आशा पालवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बंद झाला. ब्लॅकबेरी १० ने मात्र अँड्रॉइडची बरीच ॲप चालवून दाखवली, त्यामुळे तिथल्या लोकांची वाट थोडी कमी झाली.

"कंपन्यांना देवाच्या कामात रस नाही" हे तर मला कधीच पटले नाही. ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले, त्याच दिवशी अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या लाइफ डॉट चर्चचे यूव्हर्जन बायबल ॲप तिथे हजर होते. विंडोज फोनचा जगभरातला वाटा चांगल्या दिवसांतही चार टक्क्यांच्या आसपासच राहिला. चार-पाच जणांच्या गटाला पुढचे वर्ष कुठे घालायचे हे ठरवताना तो आकडा बघावाच लागतो. आणि हे धर्माच्याच ॲपचे होते असेही नाही. २०१७ साली जाहीर झालेला जिओफोन आपल्याकडे घरोघरी गेला, पण त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला, कारण त्यातल्या कायओएससाठी ते वेगळे बनवावे लागले. अख्खा देश जे ॲप वापरतो त्याचे एक वर्ष गेले, तर हिब्रू-ग्रीकचे ॲप किती थांबेल याचा अंदाज करा.

हक्कांचा प्रश्न आला की माणसे दुखावतात. "देवाच्या वचनावर कसला आलाय मालकीहक्क?" भावना मी समजू शकतो. पण भाषांतर हे माणसांचे, वर्षानुवर्षांचे काम असते आणि त्याला हक्क असतात. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनचे हक्क बिब्लिकाकडे आहेत. वर्ल्ड इंग्लिश बायबल कोणीही वापरू शकतो. मराठीत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर केव्हाच हक्कमुक्त झाले. त्यांचे निधन १९२२ सालचे. मंडळीत वाचले जाणारे बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे भाषांतर परवानगीशिवाय घेता येत नाही. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचे मराठी भाषांतर मात्र खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय देऊन कोणीही वापरावे. म्हणून नव्या फोनवरच्या छोट्या ॲपमध्ये हेच आधी दिसले तर नवल वाटू देऊ नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' ॲपमध्ये का नाही, असेही विचारले जाते. तिथेही हक्कधारकाची परवानगी लागणारच.

आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा एक अडचण जास्त होती. सुरुवातीच्या कित्येक स्मार्टफोनांत देवनागरीची नीट सोयच नव्हती. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसायचे. फॉन्ट असून अक्षरजुळणी येत नसेल तर 'पित्या'तली पहिली वेलांटी 'प'च्या आधी न येता मागे लटकायची आणि 'ख्रिस्त'मधली जोडाक्षरे हलंत घेऊन सुटी सुटी व्हायची. हे दुरुस्त करणे फोनच्या मूळ प्रणालीच्या हातात असते. लोक मात्र ॲपला एक तारा देऊन मोकळे व्हायचे.

आता पैशांचे. एका फोनवर घेतलेले भाष्यग्रंथ दुसऱ्यावर आपोआप मिळतात असे नाही आणि मिळतच नाहीत असेही नाही. खरेदी ॲप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर नोंदली असेल, जसे लोगोस किंवा ऑलिव्ह ट्रीमध्ये होते, तर फोन बदलला तरी ग्रंथ तुमच्यासोबत येतात. ती निव्वळ एका स्टोअरशी बांधलेली असेल तर मागेच राहते. वाट बघायला बसण्याआधी हे तपासून घ्यावे.

आणि ॲप एकदा आले म्हणजे ते कायमचे राहील, हाही भ्रमच. एचपीने टचपॅड बाजारात आणला १ जुलै २०११ रोजी आणि १८ ऑगस्टला वेबओएसची उपकरणे बंद करत असल्याचे जाहीर केले, अवघ्या सात आठवड्यांत. विंडोज फोन ८.१ चे स्टोअर १६ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. वचन कुठूनही परत उतरवता येते. आपल्या हाताने लिहिलेली टिपणे तशी येत नाहीत. एका ॲपमध्ये लिहिलेली रोमकरांस पत्रावरची माझी दोन वर्षांची टिपणे बाहेर काढायची सोयच नव्हती. शेवटी फोन चालू होता तोवर, तीन संध्याकाळ बसून, ती मी दोनशेपानी वहीत उतरवली.

तेव्हापासून टिपणे मी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो आणि वाचण्यापुरते बायबल फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो. ते कुठल्याही फोनवर चालते. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर भाषांतराचे नाव आणि क्रमांक लिहितो. स्तोत्र ५१ च्या टिपणावर दोन्ही आहेत: मराठी ५१:१, हिब्रू ५१:३.