प्रणाली बदलते तेव्हा काय हरवते?

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. त्याचा एक विश्वस्त म्हणून मी काम पाहतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथला संगणक फारच मंद झाला, म्हणून दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी तो परत आला. झटकन सुरू होऊ लागला, पडद्याचे रूपही पालटले. पण ग्रंथपालबाईंनी नेहमीच्या आयकॉनवर क्लिक केले, तर हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, अशी सूचना आली. ज्या प्रोग्राममध्ये १९९७ पासून पुस्तकांच्या दाखल नोंदी होत होत्या, तो बंद पडला होता. दुरुस्ती करणाऱ्याने ३२ बिटांची जुनी प्रणाली पुसून ६४ बिटांची नवी बसवली होती. चूक कोणाची हा वाद आम्ही घातला नाही. पण असे का व्हावे, हा प्रश्न मला सोडवेना.

शोध घेताना लक्षात आले, की नव्या प्रणालीत जुन्या सोयी गळतात त्यामागे निदान चार वेगवेगळी कारणे असतात.

पहिले कारण यंत्राचे. १९७८ चा ८०८६ हा प्रोसेसर १६ बिटांचा होता. १९८५ च्या ८०३८६ मध्ये इंटेलने अशी योजना केली, की नवा प्रोसेसर गरजेपुरते ८०८६ चे सोंग घेऊ शकेल. विंडोजच्या ३२ बिटांच्या आवृत्त्या डॉसचे आणि १६ बिटांचे प्रोग्राम चालवत, त्या या सोंगाच्या आधाराने. पुढे ६४ बिटांचे प्रोसेसर आले. ते ६४ बिटांच्या पद्धतीने चालू असताना हे सोंग घेऊ शकत नाहीत. त्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ही सोय दिलेलीच नाही. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. आमचा प्रोग्राम १६ बिटांच्या जमान्यातला, म्हणून तो अडला.

दुसरे कारण सुरक्षेचे. विंडोज ७ मध्ये पडद्यावर घड्याळ, हवामान दाखवणारी छोटी गॅझेट्स असत. त्यांतून संगणकात शिरकाव करता येतो असे दिसल्यावर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करण्याचा सल्ला दिला, आणि पुढे ती काढून टाकली.

तिसरे कारण खर्चाचे. डीव्हीडी चालवायची तर त्यातील चित्र उलगडणाऱ्या तंत्रासाठी तेव्हा परवाना शुल्क द्यावे लागे. विंडोज ८ पासून ही सोय मूळ प्रणालीतून वगळली गेली. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मीडिया सेंटरही गेले.

चौथे कारण पुनर्लेखनाचे. विंडोज ११ चा टास्कबार नव्याने लिहिला गेला. २०२१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तो पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची जुनी मुभा उरली नव्हती. घर पाडून नवे बांधताना जुना कोनाडा राहून जावा, तसा हा प्रकार.

अ‍ॅपलची रीत याहून कडक. तिथे जुन्या प्रोग्रामांसाठी काही वर्षे पूल बांधतात आणि मग तो काढून घेतात. पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम इंटेलच्या मॅकवर चालवणारा रोझेटा २०११ च्या लायन आवृत्तीत गेला. ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम २०१९ च्या कॅटालिनात. कठोर वाटले तरी यालाही बाजू आहे. प्रत्येक जुनी सोय सांभाळायची म्हणजे तिची चाचणी, तिच्यातील दोष, तिच्या वाटेने येणारे धोके हे सगळे कायम सांभाळायचे.

आता आमच्या गोष्टीकडे येतो. प्रोग्राम गेला तरी माहिती शिल्लक होती. दुरुस्ती करणाऱ्याने डीबीएफ फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या. त्या उघडल्या, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. जुने मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. फॉन्ट गेला की मजकूर निरर्थक.

परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणला, तरी चुका उरल्याच. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे आधी क, मग वेलांटी. रफाराचेही तसेच. ‘सूर्य’ मधला र् उच्चारात य च्या आधी, पण जुन्या साठवणीत नंतर. जोडाक्षरे आली की परिवर्तक गडबडे. दोन महिने बसून आम्ही नावे हाताने तपासली.

पण खरा घाव निराळाच होता. त्या प्रोग्राममध्ये ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता. हे पुस्तक कोणी, कोणाच्या स्मरणार्थ दिले, हे त्यात लिहिलेले असे. असा लांब मजकूर डीबीएफमध्ये राहत नाही. त्याच नावाच्या पण वेगळ्या शेपटाच्या दुसऱ्या फाइलीत तो राहतो, आणि डीबीएफमध्ये असतो फक्त त्याचा पत्ता. ती दुसरी फाइल कोणी उचललीच नव्हती. आमच्या हाती पत्ते आले, घरे पुसली गेली.

मग कपाटे उघडली. एकेक पुस्तक काढून पहिले पान पाहिले. ‘कै. आईच्या स्मरणार्थ’, ‘पहिल्या पगारातून’ अशा शाईतल्या ओळी बऱ्याच पुस्तकांवर सापडल्या. मात्र जी पुस्तके पुन्हा बांधून घेतली होती, त्यांची पहिली पाने बांधणीत गेली होती. त्या देणगीदारांची नावे फक्त संगणकात होती. ती आता कुठेच नाहीत. दर वर्धापनदिनी देणगीदारांची यादी वाचण्याची आमची प्रथा आहे. त्या वर्षी ती यादी आखूड झाली.

म्हणून अनुभवाने सांगतो. प्रणाली बदलण्यापूर्वी आपण संगणकावर कोणती कामे करतो त्यांची यादी करावी, आणि त्यातले प्रत्येक काम नव्या प्रणालीत होते का ते दुसऱ्या यंत्रावर पाहावे. निवडक फाइली न घेता संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे आपल्याला ठाऊक नसते. जुना प्रोग्राम चालतो आहे तोवरच त्यातली माहिती युनिकोडच्या साध्या मजकुरात काढून ठेवावी. अशी प्रत हाताशी असेल, तर नव्या यंत्रात आभासी संगणक उभारून त्यावर जुनी प्रणाली चालवता येते. आमच्याकडे ती प्रत नव्हती.

ग्रंथपालबाईंनी त्यानंतर एक जाड वही घातली आहे. देणगीचे पुस्तक आले की नोंद आधी वहीत होते, मग संगणकात.