झुडपे कापणारा बॉबकॅट : आधी जागा पाहा

इंदूरच्या राजवाड्यापासून जवळच, कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या कृष्णपुरा छत्र्या आहेत. नदीकाठ म्हटला की बेशरम, घाणेरी, वेडी बाभूळ माजतेच. अशी झुडपे काढायला स्किड स्टिअर, म्हणजे बोलीतला बॉबकॅट, पुढे झुडपे कापणारे यंत्र जोडून वापरता येतो. मात्र कुठे वापरायचा, हे आधी ठरवावे.

झुडपे कापणाऱ्या या यंत्राच्या लोखंडी छताखाली हायड्रॉलिक मोटरवर जाड पाती गरगर फिरतात. दगड किंवा तार सापडली तर ती गोळीसारखी उडते. म्हणून अनेक उत्पादक माणसांना सुमारे 90 मीटर दूर ठेवायला सांगतात. चालकासमोर साधी काच नव्हे, मजबूत पॉलिकार्बोनेटचे दार हवे.

काम सुरू करण्यापूर्वी जागा पायी फिरून पाहावी. दगड, तारा, खड्डे, झाकणे यांवर खुणा कराव्यात. सीटबेल्ट लावावा. उतारावर आडवे न जाता सरळ वर-खाली जावे. पाती चालू असताना यंत्र उंच उचलू नये.

उतरताना कापणारे यंत्र जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी काढा. पाती नंतरही काही वेळ फिरत राहतात; ती थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. हायड्रॉलिक तेलाची गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचे तेल कातडीत घुसते. इंजिनाजवळचे वाळके गवतही रोज काढा.

राजवाड्याच्या गजबजलेल्या परिसरात 90 मीटर मोकळे मिळणे अशक्यच. तिथे कोयता आणि कुऱ्हाडच बरी.