माळरानावरची आगगाडी घरांत

इंग्लंडमध्यें, यॉर्कशायरच्या उत्तर भागांत, हेदरच्या खुरट्या झुडपांनीं झांकलेलें एक उंच, ओसाड माळरान आहे. रोझडेलच्या खाणींतील लोहखनिज नेण्यासाठीं १८६१ सालीं त्यावर रेल्वे सुरू झाली व १९२९ सालीं ती कायमची बंद पडली. आज तेथें रूळ नाहींत. त्यांच्या वाटेनें पायीं फिरणारे हिंडतात, आणि खनिज भाजण्याच्या भट्ट्यांच्या दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत. अशी लोपलेली रेल्वे घरांतल्या फळीवर पुन्हां उभी करावयाची, तर आरंभ कोठून करावा?

आरंभ मापापासून करावा. एका फुटास चार मिलिमीटर हें प्रमाण ब्रिटनमध्यें फार रूढ आहे. या रेल्वेचा प्राण म्हणजे इंगल्बीचा उतार. तो सुमारें १,४३० यार्ड लांब असून कोठें कोठें पांच फुटांस एक फूट इतका उभा होता. वरील प्रमाणानें त्याची प्रतिकृति सुमारें ५६ फूट होईल! एवढी खोली कोणाच्या घरीं असणार? म्हणून लांबी आंखडावी. चढ मात्र सौम्य करूं नये, कारण या रेल्वेची सारी रचना त्या चढामुळेंच झालेली आहे.

इतक्या चढावर इंजिन चालत नसे. माथ्यावरील प्रचंड रहाटावरून तारेच्या दोरानें भरलेल्या वाघिणी खालीं सोडीत, व त्यांच्या भारानें रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. प्रतिकृतींत ही युक्ति भरंवशाची नाहीं. वस्तु लहान केली कीं तिचें वजन झपाट्यानें घटतें, घर्षण मात्र त्या मानानें घटत नाहीं. तेव्हां रहाटाखालीं लहानशी विजेची मोटार दडवावी.

वरचीं इंजिनें वर्षानुवर्षें वरच राहत. मोठ्या दुरुस्तीस खालीं आणतांना त्यांचीं मधलीं चाकें काढावीं लागत. म्हणून इंजिनाची शेड वरच्या अंगास बांधावी, आणि पायथ्याशीं निराळें इंजिन ठेवावें.

उरली जमीन. रिकामी फळी दिसली कीं तीवर झाडें, घरें, स्टेशनें मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा. ही रेल्वे खनिजाची होती, उतारूंची नव्हे. आणि हिवाळ्यांत बर्फ तिची वाट अडवून टाकी. प्लॅस्टरच्या टेकड्यांवर रंगविलेला भुसा पसरून बरीचशी फळी उघडीच ठेवावी. त्या ओसाडपणांतून एक लहान गाडी जातांना दिसली, म्हणजे तेथें राबणाऱ्या माणसांचें एकाकीपण पाहणाऱ्याच्या ध्यानांत येतें. नुसत्या हुबेहूब इंजिनानें तें साधत नाहीं.