बिस्मार्कचा विमा, कामगारांचे मत
जर्मनीत कारखानदारी झपाट्याने फोफावली, पण राज्यसत्तेवरील सरदार-जमीनदारांची पकड ढिली झाली नाही. बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या सभा व वृत्तपत्रे यांवर बंदी घातली आणि पाठोपाठ कामगारांना आजारपणाचा विमा (१८८३), अपघात विमा (१८८४) व वार्धक्यवेतन (१८८९) देऊ केले. दंडुका आणि खाऊ एकाच हातात! कामगारांनी विमा घेतला. मत मात्र आपल्याच पक्षाला दिले. १८९० मध्ये बंदी संपली. १९१२ मध्ये ३९७ पैकी ११० जागा जिंकून तो पक्ष राइशटागमध्ये सर्वांत मोठा ठरला. तरीही चॅन्सेलर जबाबदार राहिला तो कैसरलाच. प्रशियात तर १९१८ पर्यंत मताचे वजन भरलेल्या करावरून ठरे. एसेनच्या नगरसभेचे एकतृतीयांश सदस्य काही काळ पोलादसम्राट क्रुप एकटाच निवडून देत असे.